मत सारखं, पण ‘नाही’ म्हणण्याची किंमत सारखी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत आहे, सभेची सूचना वेळेवर निघते, ठराव रीतसर होतात. तरीही वर्षानुवर्षं तेच चार-पाच जण म्हणतील तसंच होतं. कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं, ‘मतदान झालं होतं ना?’ याला अन्याय म्हणता येईल का? आणि येत असेल, तर दुबळ्या सभासदांना जादा अधिकार देणं समतेच्या विरुद्ध जात नाही का?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: हो, म्हणता येईल. एकही नियम न मोडता अन्याय करता येतो. दुसऱ्या भागाला वेळ लागेल, कारण ‘जादा अधिकार’ या एकाच नावाखाली काही फार उपयोगी आणि काही घातक गोष्टी एकत्र मोजल्या जातात. सभा चालवणं, संस्थांची इतिवृत्तं आणि निर्णयपद्धती तपासणं हे काम मी वीस वर्षांहून जास्त काळ करते आहे. या काळात माझी एक कसोटी पक्की झाली. किती मतं पडली हे मी नंतर बघते. आधी विचारते, की इथल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं असतं, तर ते त्याला केवढ्याला पडलं असतं?

हे मला शिकवणारी एक सभा सांगते. कामाच्या वेळा बदलण्याचा ठराव होता आणि मला निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. हजर ३४ जण. अध्यक्षांनी ठराव वाचला, सूचक-अनुमोदक आधीच ठरले होते, ‘कुणाचा विरोध?’ असं विचारून त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ३१ हात बाजूने, तिघं तटस्थ, विरोधात एकही नाही. माझं लक्ष मोजणीपेक्षा हातांकडे होतं. पुढच्या दोन रांगांतले हात झटकन आणि सरळ वर गेले. मागच्या रांगांत आधी माना वळल्या, शेजारच्याचा हात कुठे आहे ते पाहिलं गेलं, आणि मग कोपरात दुमडलेले हात कसेबसे खांद्यापर्यंत आले. मोजणी संपायच्या आतच इतिवृत्ताच्या वहीत ‘चर्चेअंती मंजूर’ असं लिहून झालं होतं. चर्चा झालीच नव्हती.

अध्यक्षांची परवानगी घेऊन मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी चिठ्ठ्यांवर. नाव नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, कागदाची घडी सारखी. १३ हो, २१ नाही.

अध्यक्ष चिडले नाहीत. ते बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मला कुणी कधी सांगितलंच नाही.” ते खरं बोलत होते. त्या संस्थेतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या नेमणुकीची मुदत दर वर्षी त्यांच्याच सहीने वाढत असे. त्यांनी कुणाला धमकावलं नव्हतं, त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला ती जाणवत नाही, आणि ज्याच्यावर ती चालते त्याला ती सभेत पाऊल टाकल्यापासून जाणवत असते. म्हणून तुमच्याकडच्या त्या चार-पाच जणांना मी लगेच लबाड ठरवणार नाही. आपल्या बाजूने सगळे आहेत असं त्यांना मनापासून वाटत असण्याची शक्यता मोठी आहे.

‘नाही’ची ही किंमत सभेत ठरत नाही, सभेच्या बाहेर ठरते. नोकरी कुणाच्या हातात आहे, कर्ज कुणाचं आहे, राहतं घर कुणाच्या मालकीचं आहे, अडीअडचणीला कुणाच्या दाराशी जावं लागतं, यावर ती ठरते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत नेमका हाच इशारा दिला होता: राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती फार काळ चालू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. तो देशाबद्दलचा इशारा होता. मला तो चाळीस माणसांच्या सभेतही दर वेळी खरा ठरताना दिसतो.

जगातल्या मताधिकाराच्या लढ्यांकडे या नजरेने पाहा. १८३८ मध्ये ब्रिटनमधल्या चार्टिस्ट चळवळीने जी सनद मांडली तिच्यात सहा मागण्या होत्या. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत, ही त्यातली फक्त एक. गुप्त मतदान आणि खासदारांना वेतन या दोन मागण्याही तिच्या शेजारीच होत्या. ते लोक कामगार होते आणि मालकासमोर, जमीनदारासमोर तोंडाने मत सांगायला लागलं तर त्या मताचं काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पगार नसेल तर संसदेत फक्त श्रीमंतच बसू शकतात हेही ठाऊक होतं. गुप्त मतदान तिथे १८७२ मध्ये आलं, खासदारांचं वेतन १९११ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या आरंभी, अथेन्सने नागरिकांना सभेला हजर राहण्याबद्दल पैसे द्यायला सुरुवात केली होती, कारण दिवसाची मजुरी बुडवून येणं गरिबाला परवडत नव्हतं. (त्याच अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक यांना सभेत स्थानच नव्हतं. दाराबाहेर कोण ठेवलं गेलं हा प्रश्न नेहमी पहिला विचारावा, मत मोजण्याचा नंतर.)

म्हणजे बघा, मत देणं आणि ते मत वापरता येईल इतकी किंमत कमी करणं ही दोन कामं वेगळी आहेत. पहिलं तुमच्या संस्थेत झालेलं आहे. दुसऱ्याला अजून हात लागलेला नाही.

गुप्त मतदानाबद्दल एक खबरदारी. ते सभासदांसाठी. जो दुसऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून बसला आहे त्याचं मत उघडच हवं, नाहीतर त्याने कुणाच्या वतीने काय केलं हे कळायला मार्ग उरत नाही. तुमच्या कार्यकारिणीची मतं नावानिशी नोंदवा आणि सर्वसाधारण सभेत संवेदनशील विषयांवर चिठ्ठ्या वापरा. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चालतं: कार्यकारिणी बंद दाराआड ठरवते आणि सभासदांना सगळ्यांदेखत हात वर करायला लावते.

आता मतांच्या गणिताकडे येते, कारण ‘मतदान झालं ना’ या उत्तराचा सगळा जोर त्यावर आहे. १९५८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) सुरू झाला तेव्हा त्याच्या मंत्रिपरिषदेत सहा देश होते. जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांना प्रत्येकी ४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला प्रत्येकी २, लक्झेंबर्गला १. एकूण १७. समुदायाच्या आयोगाने मांडलेल्या प्रस्तावावर विशेष बहुमताने होणारा निर्णय मंजूर व्हायला १२ मतं लागत. लोकसंख्येच्या मानाने चिमुकल्या लक्झेंबर्गला भरपूर मिळालं असंच कुणीही म्हणेल. पण बेरीज करून पाहा. बाकी पाचही देशांची मतं सम आहेत, त्यामुळे त्यांच्यातले कुणीही एकत्र आले तरी बेरीज समच येणार: १०, १२, १४. लक्झेंबर्गच्या एका मताने निकाल फिरायचा असेल तर बाकीच्यांची बेरीज ११ व्हायला हवी, आणि ती कधीच होऊ शकत नाही. अशा निर्णयांत त्या देशाचं मत, १९७३ मध्ये मतांची वाटणी बदलेपर्यंत, एकदाही निर्णायक ठरू शकलं नसतं. तिथला प्रतिनिधी सभेला येत होता, हात वर करत होता, त्याचं मत नोंदलं जात होतं. निकालावर त्याचा परिणाम शून्य.

तुमच्या संस्थेत प्रत्येकाला एकच मत आहे, पण मतं गठ्ठ्याने पडत असतील तर हीच गोष्ट घडते. गेल्या तीन-चार वर्षांचे वादाचे ठराव काढा आणि एकेका गटासाठी विचारा: या गटाने उलट मत दिलं असतं तर किती निकाल बदलले असते? एखाद्या गटासाठी हे उत्तर सतत शून्य येत असेल, तर तो गट मतदार म्हणून हजेरी लावतो आहे, निर्णयात त्याचा वाटा नाही. एखाद-दुसऱ्या वेळी हरणं हा लोकशाहीचा भाग आहे, आणि ‘आज तुम्ही, उद्या आम्ही’ या भरवशावरच हरणारा माणूस निकाल मान्य करतो. ज्याचा ‘उद्या’ कधी येणारच नाही त्याच्याकडून तीच खिलाडूवृत्ती मागणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र बहुतेक सभांमध्ये गोष्ट मतदानापर्यंत पोहोचतच नाही. ती विषयपत्रिकेतच ठरून जाते. मी कोणत्याही संस्थेत गेले की आधी इतिवृत्ताची वही मागते आणि ‘ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ या शेवटच्या ओळीखाली काय काय मंजूर झालं ते वाचते. ही ओळ निरुपद्रवी दिसते. पण पैशाचे, नेमणुकांचे, नियमबदलाचे ठराव तिच्याखाली सापडायला लागले, की बाकी काही तपासायची फारशी गरज उरत नाही. सूचना न देता आलेला विषय म्हणजे तयारी फक्त एका बाजूची. शिवाय तो येतो शेवटी, जेव्हा लांबून आलेले, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले लोक निघून गेलेले असतात आणि गणपूर्ती कुणी पुन्हा मोजत नाही. तुमच्याकडे एकच सुधारणा करायची झाली तर मी ही सांगेन: ज्या विषयाने कुणाचे पैसे, काम किंवा हक्क बदलतात तो ऐनवेळी घेता येणार नाही, आणि ठराविक संख्येने सभासदांनी सह्या केल्या तर त्यांचा विषय पत्रिकेवर घ्यावाच लागेल, अध्यक्षांची इच्छा असो वा नसो.

बोलण्याचा क्रमही असाच दिसायला छोटा आणि परिणामाने मोठा. लष्करी न्यायालयांत मत सांगायला सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे. प्राचीन ज्यू न्यायसभेतही देहदंडाच्या खटल्यात आधी कडेला बसलेल्या कनिष्ठांचं मत घेतलं जाई. वरिष्ठ आधी बोलला की खालचा माणूस आपलं मत सांगत नाही, वरिष्ठाचं मत पुन्हा सांगतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मी चालवते त्या सभेत अध्यक्षांना शेवटी बोलायची विनंती करते. पहिल्या दोन सभांत त्यांना ते जड जातं. तिसऱ्या सभेत त्यांना कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकू यायला लागतात.

‘मग मतदानच नको, सर्वानुमते निर्णय घेऊ’ हा उपाय अनेकांना सुचतो. माझं याबाबतचं मत काळानुसार बदललं आहे. पूर्वी मी सर्वानुमताच्या ठाम विरोधात होते, कारण विषम गटात गप्प बसलेल्याला संमत धरलं जातं. नंतर कार्पोविट्झ, मेंडेलबर्ग आणि शेकर यांचा २०१२ चा अभ्यास वाचनात आला. त्यांनी पाच-पाच जणांचे गट करून पैशाच्या वाटपावर चर्चा घडवली आणि कोण किती बोलतं ते मोजलं. बहुमताचा नियम असताना गटात बायका संख्येने थोड्या असतील तर त्या आपल्या प्रमाणापेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. तशाच गटात सर्वांची संमती सक्तीची केली की ही तफावत मिटली, कारण आता त्यांच्याशिवाय निर्णय होऊच शकत नव्हता. बायका संख्येने जास्त असलेल्या गटात मात्र बहुमताचा नियमच त्यांच्या पथ्यावर पडला. म्हणजे अमुक एक पद्धत सदैव न्यायाची असं नसतं, गटात कोण किती आहे ते आधी बघावं लागतं. फक्त सर्वानुमत घ्यायचंच असेल तर ते खरं घ्या. प्रत्येकाला नावाने विचारा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यावर कारण देण्याची सक्ती नको.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग: दुबळ्यांना खास संरक्षण. हे समतेविरुद्ध आहे का?

नॉर्दर्न आयर्लंडचं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी देते, कारण त्यात दुखणं, औषध आणि औषधाचा अपाय, तिन्ही दिसतात. तिथे १९२१ पासून पुढची पन्नास वर्षं सत्ता एकाच गटाकडे, ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्या, बहुतेक प्रोटेस्टंट असलेल्या युनियनिस्टांकडे राहिली. त्यांचे विरोधक बहुतेक कॅथलिक होते. निवडणुका नियमित होत होत्या. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते, तरी वॉर्डांच्या सीमा अशा आखल्या होत्या की नगरपालिकेत युनियनिस्ट १२ आणि त्यांचे विरोधक ८ असेच निवडून येत. स्थानिक निवडणुकीत मत घराशी बांधलेलं होतं, घरात राहणाऱ्या इतर प्रौढांना ते नव्हतं, आणि धंदेवाल्या कंपन्यांना जादा मतं होती. सरकारी घरं वाटायची नगरपालिकेने. म्हणजे घर दिलं की मत द्यावं लागतं, म्हणून विरोधी गटातल्या कुटुंबाला घरच द्यायचं टाळायचं. अन्यायाचं चाक स्वतःच्याच गतीने फिरत राहतं ते असं: सत्ता घर ठरवते, घर मत ठरवतं, मत सत्ता ठरवतं. १९६८ च्या नागरी हक्क चळवळीची मुख्य घोषणा ‘एका माणसाला एक मत’ हीच होती.

तीन दशकांच्या रक्तपातानंतर, १९९८ च्या करारात ठरलं की महत्त्वाच्या निर्णयांना नुसतं बहुमत पुरणार नाही, दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पुरेसा पाठिंबा लागेल. आणि तिथल्या विधानसभेच्या १०८ पैकी ३० सदस्यांनी सह्यांचा अर्ज दिला तर कोणत्याही ठरावाला ही अट लावता येईल. कायमच्या अल्पमताला हवी होती ती ढाल मिळाली. पण ढाल कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्याची मागणी करणारा ठराव ५३ विरुद्ध ५२ मतांनी जिंकला, तरी हाच अर्ज वापरून तो अडवला गेला. अडवणारा पक्ष तिथला सर्वांत मोठा पक्ष होता. अल्पसंख्यांचं रक्षण करण्यासाठी केलेला नियम बलवानाने दुसऱ्याच एका अल्पसंख्य गटावर चालवला. २०२२ मध्ये कायदा बदलून अशा अर्जावर किमान दोन पक्षांच्या सह्या आवश्यक केल्या गेल्या. पोलंडच्या जुन्या संसदेत तर एकट्या सदस्याला सगळं कामकाज मोडता येत असे. कागदावर याहून मोठी समता नाही. १६५२ पासून हा अधिकार वापरला जाऊ लागला आणि पुढे बडे सरदार व शेजारच्या सत्ता त्यासाठी सदस्य विकत घेऊ लागल्या. १७९१ च्या संविधानाने तो रद्द केला, तोवर देश पोखरला गेला होता.

यावरून मी माझ्यापुरतं असं ठरवलं आहे. एकट्यादुकट्याला सरसकट नकाराधिकार देऊ नये, तो बलवानाच्या खिशात जातो. ज्या निर्णयाचा भार एकाच गटावर पडतो, तेवढ्या निर्णयापुरती त्या गटाच्या बहुमताची अट घालावी. कामाच्या वेळा बदलल्या तर रात्रपाळीवाल्यांवर ओझं पडणार असेल, तर रात्रपाळीवाल्यांचं वेगळं मत घ्या, दिवसपाळीच्या संख्येत ते बुडवू नका. याला मी जादा अधिकार मानत नाही. दिवसपाळीचा माणूस दुसऱ्याच्या झोपेवर मत देतो आहे, रात्रपाळीचा स्वतःच्या. ही दोन मतं एकाच काट्यात टाकणं म्हणजे समता, असं मला कुणी आजवर पटवून देऊ शकलेलं नाही.

जाणकारांचं काय, हा आक्षेप तुमच्याकडे नक्की येईल: ‘आम्हाला हिशेब कळतो, कायदा कळतो, म्हणून आमचं ऐकलं जातं.’ त्यात तथ्य आहे. पण जाणकाराने काय शक्य आहे आणि कशाची किती किंमत मोजावी लागेल ते सांगावं. ती कुणी मोजायची हा जाणकारीचा प्रश्न नाही. ती माहिती सभेच्या आठवडाभर आधी, सगळ्यांना कळेल अशा भाषेत हातात पडली, तर निम्मा वाद तिथेच मिटतो. ऐन सभेत आकडे फेकले जात असतील, तर जाणकारीचा वापर लोकांना गप्प करायला होतो आहे असं समजा.

सगळं एकदम करायला जाऊ नका. नियमावली बदलायला गेलात तर तो ठरावही त्याच सभेत, त्याच हातांनी पडेल. पुढच्या सभेला एवढंच मागा: एका वादाच्या विषयावर आधी हात, मग चिठ्ठ्या. चिठ्ठ्या मोजायला एक माणूस तुमच्यातला, एक त्यांच्यातला, आणि दोन्ही आकडे इतिवृत्तात शेजारी शेजारी लिहायचे. विरोध झाला तर ‘आपला पाठिंबा खरा आहे हे दाखवायची ही तुम्हालाच संधी आहे’ असं त्या चार-पाच जणांना सांगा, आणि ते मनापासून सांगा. आकडे सारखे आले तर मी सांगितलेली निम्मी कामं तुम्हाला करावी लागणार नाहीत. वेगळे आले, तर त्या दोन आकड्यांमधला फरक घेऊन परत लिहा. पुढचं बोलणं मग त्यावरच करता येईल.